शेवटचा उरलेला पडेल

बॅटल रॉयल म्हणजे काय, हे त्याला विचारावं. जोडीजोडीनं लढायचं नाही. सगळे गडी एकदम रिंगणात सोडायचे, कोणी कोणाचा नाही, दोरावरून बाहेर गेला तो बाद, आणि शेवटी एकटा उरेल तो जिंकला. ऐकायला केवढं भारी! पण कोण उरणार, हे कुस्तीच्या खेळाचा मालक दुपारी चहा पिता पिताच सांगून टाकायचा. पहिला बाद कोण, हे सांगावंही लागत नसे, तो कायम हाच. म्हणून त्याला सगळे पडेल म्हणत.

बरं, पडणं ही काय सोपी गोष्ट आहे? समोरच्याचा हात नुसता लागला की हा दोरावरून असा उलटा जायचा, की पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळायच्या. त्याच्या जिवावर कितीतरी पहिलवान मोठे झाले आणि त्याच्या पाठीचा पार भुगा झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो मालकाला म्हणाला, "शेवटच्या खेळात मला उरू द्या. मुलगी येतेय, जावयाला घेऊन."

सासरी कोणी वडिलांचा धंदा विचारला की मुलगी विषय बदलते, हे त्याच्या कानावर आलं होतं. ते त्याला फार लागलं होतं. एकदा तरी तिनं आपल्याला जिंकताना बघावं, एवढंच त्याचं मागणं. मालक चक्क हो म्हणाला.

शेवटी समोर राहिला वाघ. पोस्टरवरचा वाघ, दर खेळात तोच उरायचा. दुपारी याने त्याला म्हटलं होतं, "ये, पडायचं कसं ते दाखवतो."

"त्यात काय शिकायचंय, काका?" म्हणून तो हसला होता.

आता रिंगणात यानं धक्का दिला. वाघानं दोर घट्ट धरला, एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि बसमधून उतरावं तसा सावकाश खाली उतरून उभा राहिला. मेला, निदान लोळायचं तरी! लोक खो खो हसले. "आजोबांना खुर्ची द्या!" कोणीतरी ओरडलं.

कपडे बदलायच्या खोलीत जावयानं हात मिळवला. "आधीच ठरलेलं होतं ना, बाबा?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त झोंबलं.

मुलीचे डोळे भरले होते. "बाबा, आज पडला का नाहीत?"

"अगं, तुला लाज वाटते ना त्याची..."

"लाज? लहानपणी तुम्ही पडलात की मी ओरडायचे, वाटायचं आता बाबा उठत नाहीत. आणि तुम्ही उठायचात! तोंडी सांगून कोणाला पटणार ते? म्हणून गप्प बसायचे." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तेच दाखवायला यांना आणलं होतं मी."

त्यानं वाकून बूट काढायला घेतले. पाठ वाकेना, तेव्हा जावयानंच खाली बसून नाड्या सोडल्या.