राधाकिशन बापूचे पाच तांबे

गावात आवई अशी उठली, की दूध डेअरीतला राधाकिशन बापू एका बैठकीत दोन हंडे पाणी प्याला आणि तालुक्याच्या लॅबमध्ये बाकड्यावरच गार झाला. यंदाच्या, दोन हजार तेराच्या दुष्काळी उन्हाळ्यातली ही गोष्ट. हळहळ झाली, पण माणसासाठी नाही, पाण्यासाठी.

"दोन हंडे! आगं, आठव्या दिवशी टँकर येतोय, आन् ह्यो येकटा दोन हंडे पेला?"

"मरायचंच हुतं तर पाणी कावून वाया घालवलं म्हणते मी!"

खरं असं, की हंडे नव्हते, तांबे होते. पाच. आणि बापू मेला नाही. त्या दिवशी मेलेलं बरं, असं मात्र त्याला फार वाटलं.

हिवरधसच्या सहकारी दूध संस्थेत बापू एकतीस वर्षं फॅट काढतो. दोन्ही वेळेला चौसष्ट जण दूध घालतात. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काढायचा, त्यातलं थोडं काचेच्या नळीत ॲसिडबरोबर घालायचं, बूच ठोकायचं, नळ्या चक्रात घालून गरगरा फिरवायच्या. मग एकेक नळी उजेडाला धरून वर चढलेला पिवळा थर कितव्या रेघेवर आहे ते वाचायचं. थर जाड, तर भाव चांगला. नळी नाकासमोर, डावा डोळा मिटलेला, आणि मग बापू नाकातून बोलणार, "साखराबाई... तीन... पाइंट्‌ट... आठ!" त्या 'पाइंट्‌ट'वर आवाज असा चढायचा की कोंबड्यानं मान लांबवावी. गावातल्या प्रत्येक पोराला ही नक्कल येते. हुबेहूब मात्र एकीलाच येते, साखराबाईच्या नातीला. तीच हे लिहिते आहे. बापूची पुढची अर्धी हकीगत तिला त्याच्याच तोंडून कळली आणि उरलेली त्याच्या बायकोच्या, चतुराकाकूच्या.

नमुन्याला काढलेलं दूध परत देत नाहीत. नळीत जातं ते घोटभरही नसतं. बाकीचं एका कॅनमध्ये साठतं, आणि तो 'सँपलचा कॅन' फॅट काढणाऱ्याच्या घरी जातो. हा रिवाज संस्थेइतकाच जुना. कुणी लिहिला नाही, कुणी मोडला नाही. दोन वेळचं मिळून सहा लिटर. त्यामुळे गावात लोक बिनदुधाचा चहा पीत होते तेव्हाही बापूच्या घरात साय होती, खवा होता, आणि चतुराकाकूच्या डब्यात कडेपर्यंत तूप होतं. बापू भाकरी तुपात कुस्करून खायचा. वजन चौऱ्याऐंशी. बसला की खुर्ची आधी बोलायची, मग बापू.

फाल्गुनात एका सकाळी नळीवरच्या एका रेघेच्या दोन झाल्या. बापूनं डोळे चोळले. दोनाच्या तीन झाल्या, मग सगळ्या मिळून धूर झाल्या. खिडकीबाहेर बायामाणसं किटल्या घेऊन उभी. आत बापूच्या हातात नळी, आणि नळीत काही नाही.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगून काय? ज्याला रेघ दिसत नाही त्याला संस्था कशाला ठेवील? बापूला दुसरं काही येत नव्हतं. रानात दोन एकर खडक, आणि अंगात एकतीस वर्षांचा हा एकच इलम. मग त्यानं जिभेला कामाला लावलं. नमुन्याचं भांडं हळूच ओठाला लावायचं, घोट जिभेवर घोळवून गिळायचा आणि मग नळी नुसती देखाव्याला उजेडात धरून आकडा ठोकायचा. पहिले पंधरा दिवस आकडे असे जुळले की बापूला स्वतःचाच अभिमान वाटला. चौसष्ट घोट सकाळी, चौसष्ट संध्याकाळी.

चैत्रात तो चतुराकाकूला घेऊन अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात गेला. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं, रक्त तपासायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी समोर बसवलं.

"आजोबा, डोळ्याच्या पडद्यावर चरबीचे पिवळे ठिपके साचलेत. साखर एकशे अठ्ठ्याऐंशी आहे, उपाशीपोटी. कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद. डाव्या डोळ्याचं फार काही हातात नाही. उजवा राखायचा असेल तर वजन, साखर आणि ही चरबी, तिन्ही खाली आली पाहिजेत. साखरेची गोळी आजपासून. चरबीचं आधी खाण्यावर बघू. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासा."

"आन् न्हाई आली खाली तर?"

बाईंनी चतुराकाकूकडे बघितलं. बापूला तेवढं मात्र स्पष्ट दिसलं.

घरी आल्यावर खाण्याचा छापील कागद साखराबाईच्या नातीकडून वाचून घेतला. सफरचंद, पालक, काकडी, अक्रोड.

"आक्रोड!" काकू म्हणाली. "हितं बोरीला पाला ऱ्हायला न्हाई, आन् आक्रोड! दुष्काळ पडलाय हे त्या कागदाला कुणी सांगितलंच न्हाई का?"

खाली बाईंनी पेनानं दोन ओळी लिहिल्या होत्या: घरातली कडधान्यं, ज्वारी-बाजरी मोजून, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, तूप, साय, खवा, गूळ बंद, रोज चालणे. काकूनं तेवढं धरलं. दारातला शेवगा तेवढाच हिरवा होता. सकाळी हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, बिनगुळाची. दुपारी एक भाकरी, पाल्याची भाजी, जवसाची चटणी. रात्री मटकी नाहीतर पुन्हा हुलगे.

"आगं, हे घोड्याचं खाणं हाय."

"मंग पळा घोड्यावानी. डोळा तर ऱ्हाईल."

बापू पळाला नाही, पण चालला. जनावरं सगळी चारा छावणीत होती, तीन किलोमीटरवर, आणि संस्थेनं दूध गोळा करायचं तिथंच हलवलं होतं. मोटरसायकल सोडून तो दोन्ही वेळेला पायी जायला लागला. भुकेनं रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या छपराचे पत्रे मोजायचा आणि मोजता मोजता त्याला एकेका पत्र्यावर पुरणपोळी दिसायची. घरी त्यानं एक थेंब तूप खाल्लं नाही. काकूनं चुलीवर हात ठेवून तसं शपथेवर सांगितलं असतं.

पण छावणीत जीभ चालूच होती. ती कशी थांबवणार? जीभ थांबली की आकडा थांबला.

आणि आता जीभही फसवायला लागली. गायी उसाचे वाढे खात होत्या. दुधाची चवच पालटली. पातळ दूध गोड लागायचं, दाट दूध फिकं. साखराबाई एके सकाळी छावणीतल्या शेडच्या खिडकीशी भांडायला उभी राहिली. पदर खोचलेला, किटली कमरेवर.

"राधाकिशनभाऊ, परवा चार. काल तीन पाइंट दोन. आज साडेतीन. माजी गाय हाय का मटक्याचा आकडा?"

"चारा बदलला, साखराबाई."

"चारा येकच हाय, भाऊ, आठ दिसापासून. बदललं ते तुमचं काईतरी. म्या चेअरमनकडं जाती. चार लेकरं हायेत ह्या किटलीवर."

ती गेली. बापूच्या हातून नळी निसटली आणि दगडावर पडून फुटली. दुसऱ्या दिवशी चेअरमन सुंदररावांचा निरोप आला: महिन्याभरात दूध संघाचा सुपरवायझर येईल, सगळ्यांसमोर तपासणी होईल.

म्हणजे डोळा हवाच होता. दीड महिना भरत आला होता. तालुक्याचा लॅबवाला बिभीषण फोनवर म्हणाला, "बापू, सकाळी उपाशीपोटी या. चहा न्हाई, काई न्हाई. पाणी चालतं."

पाणी चालतं. बापू रात्रभर त्या दोन शब्दांवर जागा राहिला. एकतीस वर्षं त्यानं दुधात पाणी घालणारे पकडले होते. शंभर लिटरला दहा लिटर पाणी घातलं की फॅट किती उतरतं हे त्याला झोपेत सांगता यायचं. दुधाला जो कायदा, तो रक्ताला का नाही? पहाटे उठून त्यानं रांजणातून एक तांब्या घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला काकू उठली.

"आवो! ते उद्यापस्तोर पुरवायचंय!"

"गप. माजा डोळा हाय."

चौथा त्यानं उभ्यानं ढोसला, पाचवा डोळे मिटून. काळीपिवळी जीप तालुक्याला पोचेपर्यंत तीनदा थांबवावी लागली. लोक हसले, ड्रायव्हरनं शिव्या घातल्या. बापू बाभळीच्या आडोशाला उभा राहून मनात टक्केवारी मांडत होता: दोनशे नव्वदात एवढं पाणी, म्हणजे दोनशे चाळीस तरी.

संध्याकाळी बिभीषणनं कागद हातात दिला. दोनशे ब्याण्णव.

बापूला आकडा दिसला नाही. बिभीषणनं वाचून दाखवला. दोनदा.

"पर म्या पाच तांबे..." बापूच्या तोंडून निघून गेलं.

बिभीषणला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून हसला, आणि मान वर केली तर बापूच्या गालावरून पाणी वाहत होतं. मग त्याचं हसू गेलं.

"बापू, पाणी प्यालं की लघवी व्हती. रक्तातली चरबी न्हाई उतरत. तुमी खाताय काय?"

"हुलगे. शेवगा. काईच न्हाई, बाबा."

"मंग पिताय काय?"

बापू बाकड्यावर आडवा झाला. गावातल्या जीपवाल्यानं त्याला पाहिलं ते त्याच वेळी, तोंडावर उपरणं, पाय बाहेर लोंबलेले. आवई तिथून निघाली. उपरण्याखाली बापू हिशेब करत होता. चौसष्ट आणि चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. घोटाघोटानं दिवसाला लिटरभर सायीचं दूध. डोळा अधू झालेला कुणाला कळू नये म्हणून चाखत होता, आणि चाखून डोळा घालवत होता.

घरी आल्यावर त्यानं काकूला सगळं सांगितलं. फाल्गुनापासूनचं. काकू उठली आणि तुपाचा डबा रिकामा करून, पुसून, पालथा घातला.

"सँपलचा कॅन उद्यापासून घरी न्हाई. छावणीतल्या लेकरांना वाटायचा. आन् म्या तुमच्याजवळ बसणार. मला आकडा येत न्हाई, पर रेघ दिसती. मोठ्या रेघंच्या वर किती बारक्या, त्ये सांगीन. तुमी आकडा बोला."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचा डोळा जायचा हाय का तुमचा?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं बसायला लागली. चतुराकाकू नळी धरून कुजबुजायची, "तिसरीच्या वर आट." बापू नाकातून, "तीन... पाइंट्‌ट... आठ!" साखराबाईनं पहिल्याच दिवशी ते पाहिलं. तिला सगळं कळलं. ती चेअरमनकडे पुन्हा गेली नाही, पण तक्रार मागेही घेतली नाही. डॉक्टरीणबाईंनी आता चरबीची गोळीही लिहून दिली. बापूनं दुधाला ओठ लावला नाही. पहिले आठ दिवस छावणीत दुधाच्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि डोळ्यालाही. काकूच्या नजरेआड तो नमुन्याच्या भांड्याकडे बघत राहायचा, आणि मग उठून गायींच्या दावणीला फेऱ्या घालायचा. चिडायचा, काकूवर ओरडायचा, माडग्याचं वाडगं ढकलून द्यायचा. एकदा म्हणाला, "आंधळा बरा, पर ह्ये नको." काकूनं वाडगं उचलून पुन्हा समोर ठेवलं.

ज्येष्ठात वजन शहात्तर झालं. साखर एकशे चोवीस, कोलेस्टेरॉल दोनशे दहा. डावा डोळा धुरातच राहिला. उजवा थांबला. बाईंनी 'थांबला' असंच म्हटलं, सुधारला असं नाही.

सुपरवायझर आला त्या दिवशी छावणीत सगळे खातेदार गोळा झाले. दहा नळ्या. अट अशी की आकडा बापूनं एकट्यानं वाचायचा, काकूनं लांब बसायचं. सुपरवायझर यंत्रावर तेच दूध तपासणार. साखराबाईच्या नातीला आजीच्या किटलीवरून राग होताच. तिनं गर्दीत बापूच्याच आवाजात पुकारा केला, "राधाकिशन... शून्य... पाइंट्‌ट... शून्य!" लोक खदाखदा हसले. बापूनं मान वळवली.

"कोण, साखराबाईची नात का? ये, पुढं ये. पैज लाव."

"दहातले तीन चुकणार तुमचे."

"आन् न्हाई चुकले तर?"

"तुमी म्हणाल त्ये."

बापूनं खिशातून चुलीच्या काजळीनं काळी केलेली पत्र्याची पट्टी काढली. काळ्यावर पिवळा थर उठून दिसतो, म्हणून ती नळीच्या मागे धरली, डावा डोळा मिटला आणि उजवा नळीला इतका जवळ नेला की पापणी काचेला लागली. छावणीत गायीसुद्धा रवंथ थांबवून उभ्या आहेत असं वाटलं. काकू लांब दगडावर बसून पदर चावत होती.

"चार... पाइंट्‌ट... एक."

सुपरवायझरनं यंत्र बघितलं. मान हलवली. दुसरी. तिसरी. सातव्या नळीला बापू थबकला, घाम पुसला, पुन्हा बघितलं. "तीन... पाइंट्‌ट... सहा." यंत्र म्हणालं, तीन पाइंट सात. एवढी एकच चुकली. ती साखराबाईची होती.

"येका बारक्या रेघंचा फरक हाय," साखराबाई मोठ्यानं म्हणाली, "चालतंय. लिवून घ्या, भाऊच्या हातचं."

पैज हरलेलीला बापूनं शिक्षा सांगितली ती अशी: आठ दिवस, दोन्ही वेळेला, त्याच्या पंगतीला बसून तेच जेवण. आज पाचवा दिवस आहे. सकाळी माडगं, बिनगुळाचं. चतुराकाकू पळी घेऊन उभी असते आणि समोर बापू एका डोळ्यानं नातीच्या वाडग्यात बघून नाकातून म्हणतो, "ऱ्हायलं... आजून... अर्धं."