नाचतानाचं माप

अकोटच्या बाजारात कपडे शिवणाऱ्या एका बाईला मी तेवढ्यापुरतीच भेटले, नाव विचारायचं राहून गेलं. आठवड्याला ती चारच पोलकी शिवायची, तीही हातमागाच्या सुती कापडाची. टाचण्या तोंडात धरूनच बोलायची.

अमरावतीला माझ्या नातीचं लग्न होतं. बाजारातलं तयार पोलकं हात वर केला की माझ्या काखेत उसवतं, म्हणून कित्येक लग्नं मी बसून काढली होती. या लग्नात मला नाचायचं होतं, पण या वयात ते सांगायचं कोणाला?

तिनं टेप गळ्यात टाकला अन् विचारलं, "आजी, पोलकं घालून काय करसान?"

"बसीन. अजून काय?"

"मंग तयारच घ्या ना. नुसतं बसाले माप कायले पाह्यजे?"

"नाचाचं हाय मले!" मी चिडून म्हटलं.

"मंग नाचा."

"इथं? लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. उभ्या बाईचं माप कोनीबी घेते. मी हलत्या बाईचं घेतो."

मी दोन्ही हात वर करून गिरकी घेतली. ती टेप धरून माझ्यामागे फिरली अन् हसताना तिच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या. मग काखेत जोडायला तिनं कापडाचा जास्तीचा तुकडा काढून ठेवला.

लग्नात बँड थांबेपर्यंत मी नाचले. पोलक्याचा एकही टाका हलला नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखले, पण ते काही तिनं शिवलेले नव्हते.