लिमाच्या आधी होटगी

माझा नवरा टॉवेलच्या मागांचा तंत्रज्ञ. सोलापुरातला त्याचा कारखाना बंद पडला आणि त्याला पेरू देशाच्या राजधानीत, लिमाला, काम मिळालं. करार तीन वर्षांचा. दोन वर्षं होत आली तरी सुट्टीचं जमेना, तेव्हा आम्हीच मे महिन्यात तिकडे जायचं ठरवलं: मी, बारा वर्षांची थोरली, सहा वर्षांची धाकटी आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात.

मला मोघम काही चालत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे मी एक मोठा कागद चिकटवला आणि कामं लिहून काढली. पासपोर्ट, व्हिसा, मुली एकट्या आईबरोबर जाताहेत म्हणून वडिलांचं संमतिपत्र, पिवळ्या तापाची लस, आणि ती आत्यांच्या वयाला चालेल का हे डॉक्टरांना आधी विचारणं. हवामानही बघून ठेवलं. आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा लागतो.

"तिथं महिनोन् महिने आभाळ भरून असतं, पण पाऊस म्हणून पडत नाही," मी आत्यांना सांगितलं.

"म्हंजे आपल्यासारकंच की," आत्या म्हणाल्या. त्या उजनीकाठच्या, धरण बांधायच्या आधीच्या कोरड्या काळातल्या.

खरी काळजी होती ती मधल्या थांब्याची. युरोपात विमान बदलायचं होतं आणि सात तास विमानतळावर काढायचे होते. आमची धाकटी शाळेच्या रिक्षातसुद्धा एका जागी बसत नाही. म्हणून एका रविवारी मी रंगीत तालीम ठेवली. सकाळच्या गाडीनं जवळच्याच होटगीला जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं आणि मधला सगळा वेळ स्टेशनवर काढायचा. विमानात जी बॅग हातात नेणार तीच घ्यायची, खायचं तेही त्यातलंच, आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

सकाळी आम्ही बॅगा घेऊन निघालो तर शेजारच्या काकू गॅलरीत उभ्याच. "निघाला का परदेशाला?"

"व्हय की," आत्या म्हणाल्या, "होटगीला. लई लांब हाय, घराकडं ध्यान ठिवा."

तालीम बरी चालली होती. थोरलीनं कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवली होती आणि धाकटी पाणी प्यायला निघाली तरी ती तिच्याकडे बोर्डिंग पास मागत होती. धाकटीनं तिच्या वाटणीचे लाडू तासाभरात संपवले आणि मग "युरोप कधी संपणार?" हे पालुपद धरलं. आत्या बाकावर मांडी घालून निवांत बसल्या होत्या.

दुपारी मी सगळ्यांना उठवलं. विमानतळावर चालणं फार असतं, तेव्हा पुलावरून पलीकडच्या फलाटावर जाऊन यायचं. मुली पळत वर गेल्या. आत्या अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून थांबल्या.

"हितं वारं चांगलं लागतंय," त्या म्हणाल्या.

वारा अजिबात नव्हता. त्यांचा गुडघा दुखतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी म्हटलं, "आत्या, काळजी करू नका. तिकीट काढतानाच तुमच्यासाठी खुर्ची सांगितलीय. चाकाची. त्यांचा माणूस ढकलत नेतो, अगदी बाहेरच्या दारापर्यंत."

"दारापत्तर? जितं त्यो हुबा असणार तितं?"

"हो."

"मग म्या न्हाय येत. माजं तिकीट रद्द कर. तुमी जावा."

आणि त्या वळून एकेक पायरी उतरत बाकावर जाऊन बसल्या. मला आधी वाटलं, थकल्या असतील. पण मी पाणी दिलं, समजावलं, तरी त्यांचं एकच. शेवटी त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"त्यो गेला तवा म्या गाडीबरूबर चालत फलाटाच्या टोकापत्तर गेलते. त्यानं ती आई बगितलीय. आता ही बगंल, अन् दुसऱ्या दिशी काम सोडून सामान बांदंल."

"नाही सोडणार ते."

"तू बायकू हायेस, म्या आई हाय. त्याचा बाप आजारी पडला तवा कालेजचं शेवटचं वरीस टाकून आला हुता. पुन्ना गेला का? ते मला अजून सलतंय."

ते वर्ष राहिलं ते राहिलंच. आणि गुडघ्याचं त्याला आत्यांनी कधी कळूच दिलं नव्हतं. फोनवर त्या कायम बसून बोलतात, लिमाला फक्त चेहरा दिसतो. आम्हालाही त्यांनी दम भरून ठेवला होता.

"आज्जी," थोरली म्हणाली, "पप्पा विचारणारच की, आज्जी का नाही आली म्हणून. मग मी काय सांगू? खोटं बोललं की मम्मी ओरडते."

"आज्जी नाही तर मी पण नाही," म्हणून धाकटी बॅगेवर बसली.

मी म्हटलं, "आत्या, दारात एकदम दिसण्यापेक्षा आधी कळू दे. संध्याकाळी तिकडे सकाळ होईल, आणि आज त्यांना सुट्टी आहे."

डबा उघडून आत्यांनी धाकटीला कडक भाकरी मोडून दिली, स्वतः चटणीबरोबर दोन तुकडे खाल्ले. ऊन कलल्यावर त्याच म्हणाल्या, "लाव फोन. पर म्याच सांगणार. तुमी कुणी मदी बोलू नगा."

फोन लागल्यावर त्यांनी थोरलीला फोन धरून लांब उभं केलं. "सबंद दिसाया पायजे," असं म्हणून त्या उठल्या आणि बाकापासून नळापर्यंत चालत जाऊन परत आल्या. एका बाजूला कलत, सावकाश.

मग नवरा म्हणाला, "आई, परत एकदा चाल."

त्या पुन्हा चालल्या.

"डाव्या पायावर भार देत नाहीस. कधीपासनं?"

"तू गेल्यावर, त्या दिवाळीपासनं. आता सामान बांद म्हंजे झालं."

"मी कशाला बांधू? सामान तुम्ही बांधा. बरं झालं आत्ता सांगितलंस. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. तुम्ही येईपर्यंत तळमजल्यावरची खोली बघतो."

इतक्या चौकशा केल्या, पण तो कितव्या मजल्यावर राहतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"काम सोडणार न्हाईस?" आत्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"करार पुरा करूनच येतो. आणि बाबांच्या वेळचं डोक्यात धरून बसू नकोस. मला यायचं होतं म्हणून मी आलो होतो."

"शपत घे."

"आज्जी, शपथ घालायची नाही!" थोरली ओरडली.

"बरं, शपथ नको," तो हसत म्हणाला. "तू खुर्चीत बसून ये. त्या माणसाकडनं मी दारातच ताबा घेतो. पुढं मीच ढकलणार."

"वाकडीतिकडी ढकलशील. सायकल कुटं सरळ चालवायचास?" आत्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायच्या आत फोन धाकटीला देऊन टाकला.

गाडी आली. बॅगा मोजून वर चढवल्या, मुलींना खिडकी दिली. गाडी हलल्यावर आत्या माझ्याकडे वळल्या.

"त्या खुर्चीच्या चाकात पदर जातो का गं?"

"जाऊ शकतो. कमरेला घट्ट खोचायचा."

"मग तिकडं नेसाया घेतल्याली ती नवी इरकल नगो. फाटली तर? जुनीच नेसते."

सोलापूरचे दिवे दिसायला लागेपर्यंत त्या बाहेर बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "न्हाय. नवीच नेसते."