शांत नव्हता आमचा इनास

काल तुम्ही सगळे माईकवर खोटं बोललात.

"इनास फार शांत स्वभावाचा होता. कधी कुणाला उलटून बोलला नाही."

अहो, तो माणूस शांत असता तर आज विरारच्या या फ्लॅटमध्ये बसून ही पोस्ट लिहायला मी राहिलो असतो की नाही, देव जाणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इनास इथल्याच राजोडी गावचा, मी साताऱ्याकडचा. आर्मीत एकाच पलटणीत, एकाच सेक्शनमध्ये होतो. तो रँकने नाईक, मी साधा शिपाई. रिटायर झाल्यावर त्याच्याच नादाने मी इकडे घर घेतलं.

काल त्याला माती दिली.

तर ऐका.

राजस्थानात एक्सरसाइज होती. महिनाभर वाळवंटात.

एक्सरसाइज म्हटलं की लोकांना रणगाडे आणि धुराचे व्हिडिओ आठवतात. आम्हाला मोर्चा आठवतो. मोर्चा म्हणजे आपणच खणायचा खड्डा. दिवसभर खणायचा, वारा सुटला की अर्धा परत भरायचा.

त्यातच झोपायचं, त्यातच जेवायचं. पुरीत वाळू, भाजीत वाळू. आंघोळ विसरा.

बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा, आत विंचू असतो. इनास आपटायचा आणि म्हणायचा, "चल बाबा, बाहेर नीघ. माजा पाय यायचाय."

यातल्या कशाचीही त्याने कधी तक्रार केली नाही. हे आधी लिहून ठेवा.

तक्रार होती पाण्याची.

कुणीतरी डिझेलचा टँकर धुऊन पाण्याला लावला होता. धुतला म्हणे! चहाला डिझेलचा वास, डाळीला डिझेलचा वास. सेक्शनमधल्या तिघांना उलट्या सुरू झाल्या. चौथा मी. माझ्या पोटात दोन दिवस घोटभर पाणीसुद्धा टिकत नव्हतं.

इनास माझ्या हातात शक्करपारे कोंबायचा. "खा तू. पानी मी बघतो."

मग आला दरबार.

दरबारात पलटणीचे प्रमुख, सीओ साहेब, सगळ्या जवानांना समोर बसवून बोलतात. शेवटी विचारतात, "किसी का कोई पॉइंट?" आणि रीत अशी की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "नो पॉइंट, साब!"

आमच्या हवालदार मेजरने आदल्या दिवशी त्याची रिहर्सल घेतली. खरंच सांगतोय. तीनदा. आवाज कमी आला म्हणून चौथ्यांदा.

इनासचं हवालदाराचं प्रमोशन तेव्हा अगदी तोंडावर आलं होतं. परीक्षा पास, फक्त वरून शिफारस जायची बाकी.

मी म्हणालो, "इनासभाऊ, गप बस. एक्सरसाइजचे चारच दिवस राहिलेत."

तो म्हणाला, "तुजं पोट थांबेल काय चार दिवस?"

दुसऱ्या दिवशी "नो पॉइंट, साब!" ची गर्जना झाली. ती विरली आणि हा पठ्ठ्या उभा.

"पॉइंट है, साब."

हातात स्वतःची पाण्याची बाटली. सरळ पुढे गेला.

"साब, यह पानी आप पी के देखिए."

हवालदार मेजरचा चेहरा असा झाला, जणू त्याच्याच बुटात विंचू निघालाय.

साहेबांनी बाटली घेतली. एक घोट प्यायले. थुंकले नाहीत, गिळला. मग आमच्याकडे बघून विचारलं, "और किसी को तकलीफ है?"

तकलीफ मला होती. तो उभा होता तो माझ्यासाठीच.

मी माझ्या बुटांकडे बघत बसलो.

संध्याकाळी नवा टँकर आला. आणि त्याच संध्याकाळी इनास पाठीवर भरलेला पिट्ठू घेऊन वाळूत पळत होता, हवालदार मेजरची कृपा. धापा टाकत माझ्यासमोरून गेला तेव्हा ओरडला, "पी रे, गोड हाय!"

मी ढसाढसा रडलो. आणि पोट भरून पाणी प्यायलो.

त्याची शिफारस गेली नाही. "बहुत बोलता है," एवढंच कारण कानावर आलं. इनास नाईक म्हणूनच रिटायर झाला.

मी हवालदार होऊन रिटायर झालो.

पुढे तो वालीवला एका कारखान्याच्या गाळ्यात सुपरवायझर लागला. तिथे कामावरच्या बायकांना प्यायला पाणी नव्हतं. काय झालं असेल ते मी सांगायला नको. दुसरी नोकरी शोधावी लागली.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येईलच, "सैन्याची बदनामी करू नका" म्हणून. या, खुशाल या. पलटणीचं नाव निघालं की इनासची छाती फुगायची. पलटण आपली वाटायची म्हणून तर तो उठला.

काल चर्चमध्ये फादरांनी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत?"

सगळे गप्प. मीही गप्प. परत बुटांकडे बघत बसलो.

निघताना त्याची बायको, फिलोमिना वहिनी, जवळ आली. म्हणाली, "भावजी, मला वाटलेलं तुमी तरी उठाल."

एवढंच बोलली. कालपासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

म्हणून सगळ्यांच्या देखत इथे लिहितो. इनास शांत नव्हता. भांडखोर होता. माझ्यासाठी भांडला, त्यापायी प्रमोशन घालवून बसला, आणि मी एक शब्द बोललो नाही. त्यानंतर इतकी वर्षं रोज फोन करायचा, पण एकदाही मला ते ऐकवलं नाही.

महिन्याच्या मिस्साला, म्हणजे महिना झाल्यावर चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होईल तेव्हा, हेच मी माईकवर बोलणार आहे. कुणाला आवडो न आवडो. वहिनी, तुम्ही पुढच्या बाकावर बसा.

पॉइंट है, साब.

इनासभाऊ, मला उशीर झाला. जा, आता आराम कर.

आणि वर पाणी खराब निघालं तर तू गप्प बसणार नाहीस, माहीत आहे मला. फक्त मी येईपर्यंत थांब. या वेळी दोघं उठू.