नावं ठेवणारा माणूस

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कधी एका जेवणाला चांगलं म्हटलं नाही. पाटोडी जाड, वांगं कच्चं, कढी पांचट. केळझरच्या गणपतीला जायचो तेव्हा प्रसादाची बुंदीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. "कडक झाली," म्हणायचे, तेही देवासमोर उभं राहून! मी चिडायचे, भांडी आपटायचे, "उद्यापासून खानावळ लावा" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप वांगं जरा जास्त शिजवायचे. सेलूच्या आमच्या घरात सगळा संसार असाच झाला.

मग तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं घात केला. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, माणूस वाचला, पण तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कोणाची येते, कोणाची नाही येत. तेव्हापासून हे ताटात पडेल ते खातात, घासाघासाला पाणी पितात आणि वर म्हणतात, "चांगलं हाय." एकदा माझ्या हातून वरण चांगलंच करपलं. तरी चांगलं हाय! मला असा राग आला की मी मागच्या अंगणात जाऊन रडले. आग लागो त्या चांगल्याला. मला माझा किटकिट करणारा नवरा परत पाहिजे होता.

आमची लेक स्पेनमध्ये नोकरी करते, बास्क लोकांच्या मुलखात, समुद्राकाठच्या एका शहरात. मागच्या उन्हाळ्यात तिनं आम्हाला बोलावून घेतलं. तिच्या मते तिथल्यासारखं खाणं जगात कुठं नाही. "आई, इथं बाबाच्या जिभेले काई ना काई लागनच," ती फोनवर म्हणाली. मीही तीच आशा धरून विमानात बसले. यांना मात्र त्यातलं काही सांगितलं नाही.

एका संध्याकाळी तिला कामावर जायचं होतं. तिनं आम्हाला समुद्राजवळ सोडलं आणि मला बजावलं, "जुन्या गावात जाजो. एका दुकानात एकच खाजो आन् पुढच्या दुकानात जाजो. इथं असंच खातेत. काउंटरवर सारं मांडून असते, बोटानं दाखवजो."

आधी समुद्र पाहिला. पाणी अर्धगोल आत आलेलं, काठानं पांढरा कठडा, आणि सगळं गाव इस्त्रीचे कपडे घालून तिथं फिरत होतं. जेवायची वेळ झाली तरी ऊन उतरलेलं नव्हतं. यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या बोर धरणापेक्षा जरासं मोठं हाय." मला हसू आलं.

जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद, आणि दुकानांतून माणसं रस्त्यापर्यंत सांडलेली. सगळे उभ्यानं खात होते. आपल्याकडे लग्नात बुफे असतो, पण तिथं निदान एखादी खुर्ची तरी हुडकता येते. पहिल्या दुकानात बटाट्याचं जाड ऑम्लेट घेतलं.

"कसं लागलं जी?"

"चांगलं हाय."

पुढच्या दुकानात खेकड्याचं सारण भरलेली इवलीशी वाटी. तीही चांगली. त्याच्या पुढच्या दुकानात लसूण घालून परतलेले मशरूम होते, वास तर पार गल्लीच्या टोकापर्यंत. यांनी एक घास खाल्ला, बाटलीतलं पाणी प्यायलं.

"चांगलं हाय. पण तू काऊन मायं तोंड पाहून राह्यली?"

"मी कायले पाहू?"

"मघापासून पाह्यतं तू. घासापेक्षा तुह्या नजरेचाच ठसका लागते मले."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. पेपर तपासणाऱ्या मास्तरीणबाईसारखी मी या माणसाच्या मागं लागले होते. म्हटलं, "चला जी घरी, पाय दुखून राह्यले माये." तर हेच म्हणाले, "आणखी एक दुकान पाहू. आता आलोच आहो तं."

कोपऱ्यावरच्या त्या दुकानात यांनी स्वतः बोट दाखवलं. एका काडीला लोणच्यातली हिरवी मिरची, एक ऑलिव्ह आणि माशाची तपकिरी पट्टी टोचलेली. दोघांच्या दोन काड्या बशीत आल्या. मिरची पाहून माझ्या जिवात जीव आला. यांनी काडीवरचं सगळं एकदम तोंडात घातलं. हळूहळू चावलं. मग कपाळाला आठ्या घातल्या, अगदी पूर्वीसारख्या, आणि बशी पुढं सरकवली.

"अळणी हाय. मीठच नाई टाकलं लेकाच्यानं!"

अव माय! मी काउंटर धरून उभी राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या. दुकानदाराला वाटलं मला मिरची लागली, त्यानं लगबगीनं कागदी रुमाल दिले. मी तिथूनच लेकीला फोन लावला आणि त्या गर्दीत ओरडले, "अवं, तुह्या बाबाले चव आली! नावं ठेवून राह्यले!"

पलीकडं ती कामावरच हुंदके देऊन रडायला लागली. "खरंच, आई? काय म्हणाले? सांग ना, काय म्हणाले?"

सांगता सांगता मी माझी काडी तोंडात घातली, आणि बोलायची थांबले. मीठ! मिठाचा खडाच चघळते आहे असं वाटलं. तो मासा मिठातच मुरवलेला होता. आपले खारे बोंबील त्याच्यापुढं गोड म्हणायचे. माझी जीभ आक्रसली, तोंड वाकडं झालं.

हे समोरच बाटली धरून उभे होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. फोनकडं पाहून नुसती मान हलवली, नको सांगू म्हणतात तशी.

फोनमध्ये लेक विचारतच होती, "आई, सांग ना, काय म्हणाले बाबा?"

मी घास गिळला.

"मीठ कमी हाय म्हणे," मी सांगितलं.