कोळंबीचं तोंड कुणीकडं

ट्रकात मी सगळ्यात शेवटी चढले, म्हणून मला मागच्या फाळक्यापाशी जागा मिळाली, तोंड गावाकडं. आत भांडी, गोधड्या, दोन शेळ्या, पाण्याचे ड्रम, पोत्यात गुंडाळलेले कोयते आणि सगळी टोळी. दसरा झाला की आमच्या शिरूर कासारच्या बाजूची गावं अशीच रिकामी होतात. सगळे कोल्हापूरकडं ऊस तोडायला निघाले होते. मी एकटीच कोल्हापुरात उतरून मावशीबरोबर गोव्याला जाणार होते. एकोणीस वर्षांची होते आणि भ्याले होते.

आई शेजारी बसली होती. ट्रक सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, "मंदे, मागं बघू नको. मागं बघितलं की पाय जड व्हतेत." आता फाळक्यापाशी बसलेल्या माणसानं मागं नाही तर कुठं बघायचं? मी बघत राहिले. कुलूप लावलेलं दार, धुरळा, बोअरच्या हापशापाशी उभी माझी धाकटी बहीण सोनी. ती बारा वर्षांची होती, शाळेसाठी काकूकडं राहणार होती. तिनं हात हलवला नाही. वळणावर हापसा दिसेनासा झाला, तरी मी तिकडंच बघत होते.

सोने, हे मी तुझ्यासाठी लिहिते आहे. आपल्या गावातून बाहेर पडलेल्या पोरींनीही वाचलं तर वाचू दे.

माझी भीती नेमकी कसली होती ते तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या पोरीला कोण विचारतं, ती म्हणजे अर्धा कोयता. उरलेला अर्धा टोळीच्या मुकादमानं शोधून ठेवला होता, त्याचाच भाचा. दादांनी, आपल्या वडलांनी, महिनाभराची सवलत दिली होती. गोव्यात काम जमलं तर जमलं, नाहीतर टोळीत परत यायचं आणि हंगाम सरला की लग्न. निघताना मुकादम हसत म्हणाला, "जा, हवा खाऊन ये. तुजा कोयता राखून ठिवतो."

आणि आईचं पोट मी बघितलं होतं. बत्तिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. पाळीचा त्रास, त्यातून कामाला खाडा, नकोच ती कटकट, असं तिला सगळ्यांनी समजावलं होतं. टोळीतल्या कितीतरी बायकांची तशीच काढलेली. अंघोळीच्या वेळी तो टाक्यांचा व्रण दिसला की मी मान फिरवायची. लोक भुताला भितात, मी त्या व्रणाला भ्यायले.

गोव्यात मावशी ज्या कारखान्यात पॅकिंग करायची तिथं मला ठेवून घेतलं. कारखाना म्हणजे कौलारू घरातली एक लांब खोली, बारा टेबलं, बारा बायका. इथं गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून खोटं आमिष बनवतात, त्याला फ्लाय म्हणायचं. परदेशातले हौशी लोक ते घेऊन समुद्रात मासे धरतात, फोटो काढतात आणि मासा परत सोडून देतात. मी हे फोनवर दादांना सांगितलं. ते म्हणाले, "सोडायचाच हाय, तर धरतेत कावून?" मला तरी कुठं माहीत होतं.

टेबलाला व्हाइस असतो, गळ पकडून ठेवणारा चिमटा. हातात बॉबिन, म्हणजे दोऱ्याची रीळ अडकवलेली नळी. पहिल्याच दिवशी गळ बोटात घुसला. मी ओढायला गेले तर शेजारची शांताताई ओरडली, "ओढू नको, फाटेल!" गळाला उलटा काटा असतो, तो मागं येत नाही, पुढं ढकलूनच बाहेर काढावा लागतो. ती ते करत होती आणि मी डोळे मिटून मुकादमाचं हसू बघत होते.

तीन आठवडे मी छोट्या माशांच्या फ्लाय बांधल्या. गळाच्या एका टोकाला नेढं असतं, मासेमारीची दोरी त्यात ओवतात. मासळीचं तोंड नेढ्याकडं, शेपटी वाकाकडं, म्हणजे गळ जिथं वळतो तिकडं. हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं, कारण ते आपल्याकडच्यासारखंच होतं. दोरी नेहमी तोंडाला. बैलाची वेसण नाकात, शेळीचं दावं गळ्यात. शेपटीला दोरी बांधून जनावर ओढणारा माणूस आपल्या गावात दिसला तर त्याला वेड्यात काढतील.

चौथ्या आठवड्यात कोळंबीची ऑर्डर आली. जाड नायलॉनचं टोक मेणबत्तीवर धरायचं, ते वितळून मणी होतो, त्याला काळं नेलपॉलिश लावलं की डोळा तयार. मग मिशा, मग पिसाचे पाय, पाठीवर पारदर्शक पट्टी. मालकीणबाई आनाबाईंनी मला कोळंबीचं चित्र दिलं आणि म्हणाल्या, नमुना शांताच्या टेबलावर आहे, बघून घे. मी उठले नाही. महिना संपायला सहा दिवस राहिले होते. प्रश्न विचारला तर म्हणतील, हिला एवढंही येत नाही. म्हणून मी मान खाली घालून चित्रावरून बांधत गेले. डोळे आणि मिशा नेढ्यापाशी, शेपटी वाकावर. दोन दिवसांत ट्रे भरला. माझ्या कोळंब्या देखण्या झाल्या होत्या, मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

आनाबाईंनी ट्रे बघितला आणि चष्मा काढला. "अगो, हे काय केलंस? सगळी उलटी!"

मी उठून शेजारी गेले. शांताताईच्या टेबलावरच्या कोळंब्यांकडं मी पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे गळाच्या वाकावर, शेपटी नेढ्याकडं. दोरी शेपटीला! मला वाटलं, आता बाई मावशीला बोलावणार, मावशी दादांना फोन करणार, आणि पुढचं मला पाठच होतं. उसाचा फड, पाचटाची खोप, मुकादमाचा भाचा. मी रडले नाही. रडायलासुद्धा थोडा धीर लागतो.

बाईंनी कुणाला बोलावलं नाही. पायात चप्पल सरकवली आणि म्हणाल्या, "चल." मला वाटलं बस स्टँडवर नेतात. त्यांनी मागच्या खाडीवर नेलं. महिनाभर समुद्राजवळ राहूनही मी पाण्यापाशी गेले नव्हते, खोटं कशाला बोलू. जिथं हंडाभर पाण्यासाठी भांडणं होतात तिथली मी, एवढं पाणी बघून मला धडकीच भरायची. ओहोटी होती. बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, मला हाताला धरून उतरवलं. पायाखालचा चिखल सरकला आणि मी त्यांना मिठीच मारली.

"खाली बघ. इथं सुंगटं आहेत." कोळंबीला इकडं सुंगट म्हणतात. काचेसारखी तीन-चार उभी होती, काळे डोळे आमच्याकडं. बाईंनी पाय आपटला आणि ती गेली. पण वळली नाहीत. शेपटी दुमडून मागच्या मागं सटकली, तोंड आमच्याकडंच. लांब जाऊन थांबली तरी डोळे आमच्यावर.

"सुंगट भ्यालं की असं पळतं," बाई म्हणाल्या. "ज्याला भ्यालं, त्याच्यावरची नजर काढत नाही. म्हणून दोरी शेपटीला, ओढली की तसंच मागं सटकतं. मासा भ्यालेलं सुंगट बघून येतो, कळलं?"

मला कळलं. इतकं कळलं की मी तिथंच रडायला लागले, आणि बाईंना वाटलं मी पाण्याला भ्याले.

ब्लेडनं सगळे दोरे कापून मी गळ मोकळे केले आणि तीन दिवसांत परत बांधले. आधी डोळे, वाकावर. मग बाकीचं. महिना पुरा झाला तेव्हा मी घाबरत विचारलं, राहू का? बाई म्हणाल्या, "जातेस कुठं, टेबल तुझं आहे."

या गोष्टीला पाच वर्षं झाली. आता नव्या पोरींना कोळंबी मीच शिकवते आणि आधी खाडीवर नेते. भित्रीभागूबाई मात्र तशीच आहे. दसरा जवळ आला की झोप उडते. फोन वाजला की आधी नंबर बघते, मगच उचलते. गेल्या आठवड्यात वाजला तो आईचा होता. मुकादम घरी येऊन गेला, सोनी आता सतराची झाली म्हणाला, तिचा कोयता बघायला पाहिजे. दादांनी त्याला नकार दिला नाही. आई मात्र मला हळूच म्हणाली, "तिला संगं ट्रकात घेते. कोल्हापुरात तू हुबी राहा. उतरवते म्हंजी उतरवते."

म्हणून मी परवा कोल्हापूरला जाणार आहे. ट्रक थांबेल का, दादा अडवतील का, मला काही ठाऊक नाही. भीती एवढी आहे की आज दोन गळ वाकडे बांधले. लोक विचारतात, गावाची आठवण येते का? येते. हापशाचं पाणी, आईच्या हातची ज्वारीची भाकरी, सगळं येतं, आणि त्याच्याबरोबर तो व्रणही येतो. माझं घर म्हणजे तेच, ज्याला मी भिते आणि ज्याच्यावरची नजर मला काढता येत नाही. आई म्हणाली होती मागं बघू नको. आई, माझं पोटच आता मागं बघणाऱ्या कोळंबीवर चालतं.

सोने, ट्रकात सगळ्यात शेवटी चढ. फाळक्यापाशी बस. आईनं काहीही सांगितलं तरी गाव दिसतंय तोवर बघून घे, हापसा बघ, दाराचं कुलूप बघ, रडू आलं तर रड. भीती वाटली म्हणून कुणी परत येत नाही, मी सांगते ना. आणि कोल्हापुरात ट्रक थांबला, मी दिसले, की कुणाकडं बघू नको. उतर.