आभाराचं काम बाईंकडे

आमच्या नौपाड्यात भाजीवाल्याकडे या बाई नेहमी भेटतात. प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतात, आणि समोरचा काहीही बोलला की म्हणतात, "बरं, पुढे?"

शेअर बाजारातल्या एका छोट्या कंपनीने त्यांना संचालक केलं, कारण बोर्डावर एक तरी बाई हवी असा कायदा आहे. मला असली सक्ती पटत नाही. मी तोंडावरच म्हणालो, "माणसाने कर्तृत्वावर यावं हो, कोट्यातून कशाला?"

"बाकीचे सगळे अध्यक्षांचे भाऊ, मेहुणे, मित्र. ते कुठल्या कोट्यातून आले?" टक्कन एक भेंडी मोडली. "बरं, पुढे?"

मी भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारला.

त्या कंपनीचे वडिलांनी घेतलेले थोडे शेअर माझ्याकडे आहेत, म्हणून यंदा वार्षिक सभेला गेलो. शेवटी आभार मानायला, रिवाजाप्रमाणे, बाईंनाच उभं केलं.

"पहिले आभार कायद्याचे," त्या म्हणाल्या. "तो नसता तर यांनी मला बोलावलं नसतं. दुसरी गोष्ट. अध्यक्षांच्या जावयाची जमीन आपली कंपनी दुप्पट भावाने घेतेय. बोर्डावर मी एकटीच 'नको' म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुम्हाला आज हे कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय."

अध्यक्ष घाईने उठून म्हणाले, "चहा तयार आहे."

बाई माइकपासून हलल्या नाहीत. भेंडी निवडताना बघतात तशा आम्हा भागधारकांपैकी एकेकाकडे बघत राहिल्या.

"बरं, पुढे?"